जावेची फुफ्फुसं

शाहीनाझची फुफ्फुसं ठणठणीत व्हावीत म्हणून दमनहूर शहरातल्या त्या पाच मजली घरात अगदी मनापासून प्रार्थना करणारी बाई एकच होती, आणि तिला शाहीनाझ डोळ्यांसमोर नको असायची.

बाकीचेही प्रार्थना करत होते, नाही असं नाही. सासू करत होती, मधल्या मजल्यांवरचे भाडेकरू करत होते, शाहीनाझचा नवरा शौकी कुवेतहून फोनवर करत होता. पण त्या प्रार्थना मोघम होत्या. बुसैना नमाज झाल्यावर दोन्ही तळवे उघडून अवयवाचं नाव घेऊन मागायची. देवा, उजवं फुफ्फुस. देवा, डावं फुफ्फुस. आणि आतल्या त्या बारीकसारीक नळ्या, त्याही. थोरल्या जावेनं धाकटीसाठी इतकं तपशीलवार मागणं मागावं, याचं तिच्या नवऱ्याला, रिफअतला, फार कौतुक वाटायचं. रिफअत पाणीपुरवठा कंपनीत होता. जमिनीखाली काय वाहतंय याची चौकशी तो फक्त कामाच्या वेळात करायचा.

खाली वाहत होतं ते असं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तळमजला बुसैनाचा होता. चौदा वर्षं होता. तिथल्या स्वयंपाकघराला गल्लीच्या बाजूनं एक खिडकी होती, आणि त्या खिडकीतून बुसैना शाळेतल्या मास्तरणींना आणि कचेरीतल्या बायकांना सोललेला लसूण, बारीक चिरलेली मुलुखियाची पालेभाजी, भरण्यासाठी कोरून ठेवलेली छोटी वांगी आणि भात भरून गुंडाळलेली द्राक्षाची पानं द्यायची. पानं ती करंगळीएवढी बारीक गुंडाळायची. अख्ख्या वस्तीत इतकी बारीक दुसरी कुणी गुंडाळत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, कारण तिनं सगळ्यांची पाहिली होती. दुपारी दोनला कचेऱ्या सुटल्या की खिडकीशी गर्दी व्हायची आणि जाताना प्रत्येक जणी तिच्या मुलाच्या नावानं हाक मारून म्हणायची, "वाएलच्या आई, सलामत राहोत गं हे हात." दिवसातून वीसपंचवीस वेळा हे ऐकायची सवय लागलेली बाई ती.

मग रमजानच्या आधी पडदे लावताना शाहीनाझ स्टुलावरून पडली. घोटा मोडला, पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला, आणि पायात धरलेली रक्ताची गुठळी एके दिवशी उठून फुफ्फुसात गेली. त्या सहा आठवड्यांत शाहीनाझच्या घरात जागची हललेली ती एकच गोष्ट, असं बुसैना तेव्हा म्हणाली. म्हणजे मनात म्हणाली. मोठ्यानं ती रडली, कारण शाहीनाझचे ओठ खरोखर निळे पडले होते, आणि चार माणसांनी तिला खुर्चीत बसवून पाचव्या मजल्यावरून खाली आणलं तेव्हा पुढे धावत दारं उघडणारी बुसैनाच होती.

आठ दिवसांनी शाहीनाझ इस्पितळातून परत आली. डॉक्टर म्हणाले होते, थोडे दिवस जिने नकोत. घरात लिफ्ट नव्हती. सासूनं, हाज्जा इन्शिराहनं, पहिल्या मजल्यावरच्या आपल्या सोफ्यावरून निवाडा दिला.

"शाहीनाझ तळमजल्यावर, बुसैना वर. सहा महिन्यांनी पुन्हा फुफ्फुसांचे फोटो काढायचेत ना? तोपर्यंत."

"पण हाज्जा, माझी खिडकी..."

"खिडकी कुठे पळून चाललीय? तिचा श्वास पळून चाललाय."

रिफअत म्हणाला, "आई म्हणते तसं." चौदा वर्षांत त्यानं घेतलेल्या निर्णयांपैकी हा सगळ्यात ठाम होता.

पाचव्या मजल्यावर पाणी नळातून येताना आधी विचार करायचं. छत तापायचं. बुसैनानं दोरीला टोपली बांधून पानं खाली सोडून पाहिली. दोनदा टोपली तिसऱ्या मजल्यावरच्या एसीला धडकली, तिसऱ्यांदा गल्लीतल्या मांजरानं ती गिऱ्हाइकाच्या आधी घेतली. मास्तरणी मान वर करून करून कंटाळल्या आणि दुसरीकडे जाऊ लागल्या, जिथे पानं अंगठ्याएवढी जाड असतात.

आणि खाली, तिच्या खिडकीत, शाहीनाझ बसायची. खिडकीला तिनं फिक्या जांभळ्या रंगाचा झालरीचा पडदा लावला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीला झालर! जाणाऱ्यायेणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, "कशी आहेस गं?" शाहीनाझ छातीवर हात ठेवून डोळे मिटायची, मग उघडायची, मग म्हणायची, "देवाची मर्जी." एवढ्यावर पेरूच्या रसाचे खोके यायचे. हाज्जा दर गुरुवारी गहू भरलेलं कबुतर भाजून धाडायची. चौदा वर्षांत बुसैनाच्या वाट्याला अशी कबुतरं दोन आली होती, दोन्ही बाळंतपणात. रिफअत कामावरून आला की आधी तळमजल्यावर "वहिनीची चौकशी" करायला थांबायचा, तिथे चहा प्यायचा, चहाबरोबर जे असेल ते खायचा, आणि पाच मजले चढून बायकोपुढे भूक मेलेल्या अवस्थेत उभा राहायचा.

"काय म्हणत होती?"

"काही नाही. धाप लागते म्हणत होती."

"मलापण लागते. रोज चारदा चढते-उतरते."

"तुझी वेगळी," रिफअत म्हणायचा. "तुझी निरोगी धाप आहे."

एकदा तर हाज्जानं दृष्ट काढली. कागदाची बाहुली कापून तिला सुईनं एकेक भोक पाडत होती आणि प्रत्येक भोकाला एकेक नाव घेत होती, हिच्या डोळ्यांतून सुटका, तिच्या डोळ्यांतून सुटका. बुसैना नेमकी मुलुखिया द्यायला आत आली. पहिलं भोक तिच्याच नावाचं होतं. हाज्जा न चपापता म्हणाली, "घरातल्यांपासून सुरुवात करावी लागते, पोरी. मनाला लावून घेऊ नकोस."

बुसैनानं मनाला लावून घेतलं. दिवस मोजायला लागली.

सहा महिने भरले. दमनहूरच्या डॉक्टरांनी शाहीनाझला तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली, ती चांगली निघाली. पण शाहीनाझ म्हणाली, धाप लागतेच. खोलीतून खोलीत गेलं तरी लागते. तेव्हा डॉक्टर म्हणाले, अलेक्झांड्रियाला जाऊन फुफ्फुसांचं मोठं स्कॅन करा. कधीकधी गुठळी पुरती विरघळत नाही, नळीला चिकटून बसते. तशी बसली असली तर प्रकरण लांबेल.

हाज्जानं त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "बसली असली तर पोरगी खालीच राहील. कायमची. नसली तर ज्याचं घर त्याला."

"मी नेते तिला," बुसैना म्हणाली. तिला हा निकाल दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचा नव्हता.

स्कॅनच्या केंद्रात आडदांड बांध्याची एक तंत्रज्ञ बाई होती. तिनं एका दमात सांगितलं: आधी मुखवट्यातून हवा ओढायची, मग दंडात सुई. हवा फुफ्फुसात कुठवर पोचते त्याचे फोटो, मग रक्त कुठवर पोचतं त्याचे फोटो. हवा पोचतेय आणि रक्त पोचत नाही असा तुकडा सापडला, तर तिथे गुठळी ठाण मांडून आहे. आणि संध्याकाळपर्यंत लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, अंगात थोडं किरणांचं औषध असतं.

म्हणजे आज हिच्या लेकीचंही माझ्याच गळ्यात, बुसैनानं हिशेब केला.

"ताई, जीव घाबरतोय गं," शाहीनाझ म्हणाली.

"ओढ श्वास, बाई," तंत्रज्ञ ओरडली. "जोरात! सूप गार करत नाहीयेस."

दाराबाहेरच्या बाकावर बुसैना उजव्या-डाव्याची उजळणी करत बसली. दीड तासानं एका तरुण डॉक्टरनं डोकं बाहेर काढलं. "शाहीनाझ यांच्याबरोबर कोण आहे?" शाहीनाझ समोरच बसली होती. पण निकाल आजाऱ्याला सांगायची पद्धत नाही; तो नातेवाइकाला सांगायचा, आणि पुढचं नातेवाइकानं ठरवायचं. बुसैना आत गेली. डॉक्टरनं दार लावलं. दाराला वरच्या बाजूला काच होती.

"आपण बहीण?"

"जाऊ."

"घरात जबाबदार माणूस कोण?"

"मीच," बुसैना म्हणाली. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"दोन्ही फुफ्फुसं साफ आहेत. गुठळीचा मागमूस नाही."

"थोडासुद्धा?"

"थोडासुद्धा."

"मग धाप?"

"सहा महिने बसून आहेत ना त्या? बसून राहिलं की कुणालाही लागते. गोळ्यांचं तुमचे डॉक्टर सांगतील, आपल्या मनानं बंद करू नका. पण चालू द्या त्यांना. जिने चढू द्या."

"जिने," बुसैना म्हणाली. "किती मजले?"

"घरात किती आहेत?"

"पाच."

"मग हळूहळू पाचही."

बुसैनानं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सहा महिन्यांचं साठलेलं पाणी ते. डॉक्टर बिचारा कागद शोधायला वळला. बाहेर बाकावरून शाहीनाझ मान उंच करून काचेतून पाहत होती.

बुसैना बाहेर आली ती थेट जावेच्या गळ्यातच पडली. "साफ! शाहीनाझ, साफ आहेत गं तुझी फुफ्फुसं!" आणि तिनं तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, एकदा नाही, तीनदा. चौदा वर्षांत त्या दोघींनी एकमेकींचे मुके फक्त ईदला घेतले होते, तेही हवेत.

शाहीनाझ पांढरी पडली. "हो का," ती म्हणाली.

"चल, मासे खाऊ! अलेक्झांड्रियाला येऊन मासे न खाता कसं जायचं?"

समुद्राजवळच्या खानावळीत बुसैनानं भाजलेली बूरी मासळी मागवली, आणि आनंदाच्या भरात असं काही केलं की जे तिनं सख्ख्या आईसाठीही केलं नव्हतं. जावेच्या ताटातल्या माशाचे काटे काढून दिले. "हा पोटाचा भाग घे, मऊ असतो. खा गं, खा. अंगात ताकद हवी." (जिन्यांसाठी, हे तिनं गिळलं.) शाहीनाझनं एक घास तोंडात घेतला, तो तिथेच फिरवला, मग हात धुवायला म्हणून उठली आणि बऱ्याच वेळानं परत आली. डोळे लाल होते. फोन हातात होता.

परतीच्या मायक्रोबसमध्ये तिनं बुसैनाच्या खांद्यावर डोकं टेकलं. "ताई, माझ्या हबीबाला सांभाळशील ना?"

"सांभाळीन की," बुसैना म्हणाली. सामान हलवताना लहान मुलं मध्येमध्ये येतातच.

शाहीनाझनं तिचा हात घट्ट धरला आणि दमनहूर येईपर्यंत सोडला नाही.

घरी पोचल्या तेव्हा तळमजल्यावर सगळे जमले होते. हाज्जा, रिफअत, भाडेकरणी. हाज्जाच्या नाकाचा शेंडा लाल होता.

"साफ आहेत!" बुसैना दारातूनच ओरडली. "दोन्ही! मागमूस नाही!"

"अल्हम्दुलिल्लाह," सगळे एकदम म्हणाले, फार मोठ्यानं म्हणाले, आणि कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. एका भाडेकरणीनं तोंडात ओढणीचा पदर कोंबला. हाज्जानं बुसैनाचं मनगट पकडून तिला स्वयंपाकघरात ओढलं, झालरीच्या पडद्यापाशी.

"आता सांग."

"काय सांगू? साफ आहेत."

"ते तिच्यासाठी झालं. मला सांग."

"हाज्जा, देवाशपथ साफ आहेत."

"पोरी, मी नवऱ्याला मूठमाती दिलीय, दोन बहिणींना दिलीय. तिघांनाही शेवटपर्यंत 'साधी सूज आहे' म्हणून सांगितलं, आणि सांगणारी मीच होते. माझ्यापुढे ही विद्या नको. तू डॉक्टरच्या खोलीत रडलीस. तिनं काचेतून पाहिलं."

"आनंदानं रडले!"

"तू? शाहीनाझच्या आनंदानं?" हाज्जानं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, तिला खरोखर माहिती हवी होती. "तिला मासे चारलेस. काटे काढून. कशाला काढलेस काटे?"

या प्रश्नाला जे उत्तर होतं ते सासूला देण्यासारखं नव्हतं. बुसैना उगाच नळ सोडून हात धुऊ लागली, आणि तेवढ्यानं काय ते ठरलं.

मग स्कॅनची फिल्म खिडकीशी धरण्यात आली. करड्या रंगाच्या फुफ्फुसांच्या जोड्याच जोड्या, समोरून, मागून, बाजूंनी. हाज्जानं बोटांवर मोजलं. "सोळा? माणसाला सोळा असतात?"

"तीच ती, वेगवेगळ्या बाजूंनी," रिफअत म्हणाला.

"आणि हे बघ. हा डाव्याचा लचका. कुणी खाल्ल्यासारखा."

सगळ्यांनी पाहिलं. डाव्या फुफ्फुसाला आतल्या अंगानं खरंच एक खळगा होता. प्रत्येक जोडीत होता.

"तिथे हृदय असतं," बुसैना म्हणाली. "मी विचारलं डॉक्टरला. हृदयाची जागा आहे ती. सगळ्यांना असते."

"हो गं, हो," हाज्जा तिची पाठ थोपटत म्हणाली. "हृदयच आहे ते."

कोपऱ्यावरच्या औषधवाल्या डॉक्टर मुनीरना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून इंग्रजी अहवाल दोनदा वाचला. "सगळं उत्तम आहे. मरियमच्या नावानं सांगतो, दोष म्हणून कुठे लिहिलेला नाही."

ते गेल्यावर हाज्जा म्हणाली, "किती सभ्य माणूस. यालासुद्धा पढवून ठेवलंस तू, चालता चालता. कधी वेळ मिळाला तुला?" आणि तिनं बुसैनाचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. "चौदा वर्षं माझ्या घरात हिरा होता आणि मी त्याला काच समजत आले. एवढं ओझं एकटीनं उचलतेस, आणि मलासुद्धा भार नको म्हणून शपथा घेतेस. देव मला माफ करो, मी तुझ्या नावानं सुई टोचली."

बुसैना तोंड उघडणार होती. पण हाज्जाचं हे असं चुंबन तिला प्रथमच मिळालं होतं. तिला वाटलं, दोन मिनिटं जाऊ देत, मग सांगू.

दोन मिनिटांचे तीन दिवस झाले.

त्या तीन दिवसांत ती जितक्या वेळा "साफ आहेत" म्हणाली तितकी तिची किंमत चढत गेली. गुरुवारचं कबुतर पाचव्या मजल्यावर आलं. मास्तरणी पाच मजले चढून नुसतं तिला पाहायला आल्या. "जावेसाठी इतकं कोण करतं, वाएलच्या आई?" एक जण म्हणाली, माझी जाऊ असती तर मला ट्रकखाली ढकलून पावती मागितली असती. रिफअत कामावरून थेट वर येऊ लागला, भूक शाबूत ठेवून. जेवताना घास थांबवून म्हणाला, "तू फार चांगली आहेस गं." मग जरा विचार करून, "मला कळलंच नव्हतं."

बुसैनाला हे सगळं इतकं आवडलं की तिची तिलाच लाज वाटली. आणि लाज वाटूनही आवडलं. आजवर शाहीनाझच्या वाट्याचं जे जे पाहून तिचं पोट दुखलं होतं, ते सगळं आता तिच्या दारात येत होतं. फक्त एक सोडून. तळमजला.

तळमजला हातचा चाललाच होता. हाज्जा म्हणाली होती, आता पोरीला शेवटपर्यंत हलवायचं नाही. शौकी कुवेतहून रजा टाकून निघाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बुसैना खाली उतरली तेव्हा स्वयंपाकघरातले डबे बाहेर काढलेले होते आणि एक रंगारी बादलीत रंग ढवळत उभा होता. फिका जांभळा.

"पडद्याला जुळता," रंगारी म्हणाला. "आजारी बाईंची इच्छा आहे म्हणे."

आजारी बाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीन दिवसांत ती जेवली नव्हती. गालफडं बसली होती, आणि कानांतल्या रिंगा काढून तिनं हबीबाच्या उशीखाली ठेवल्या होत्या. ते पाहून बुसैना पलंगाशी वाकली. खोटं कौतुक घेणं वेगळं आणि धडधाकट बाईनं कौतुकापायी मरणं वेगळं.

"शाहीनाझ, बाई गं, ऊठ. साफ आहेत तुझी फुफ्फुसं. किती वेळा सांगू?"

"बस, ताई." शाहीनाझनं वळून तिचा हात घेतला. "मला माफी मागायचीय. जाण्याआधी मागावी लागते."

"कसली माफी?"

"मला धाप लागत नव्हती."

पलीकडच्या खोलीत हाज्जाची जपमाळ थांबली. बुसैनाला ते ऐकू आलं.

"म्हणजे पहिले तीन महिने लागत होती," शाहीनाझ हळू आवाजात म्हणाली. "नंतर थांबली. पण मी सांगत राहिले. मला ती खिडकी सोडवेना गं. चौदा वर्षं मी वरून खाली बघत होते. तुझ्या खिडकीशी बायका थांबायच्या, हसायच्या, तुझ्या हातांना दुवा द्यायच्या. माझ्याशी बोलायला वर कोण येणार? छपराची टाकी? मी तुझ्यावर इतकी जळायचे, ताई, की तुझी पानं मुद्दाम खारट आहेत म्हणून सांगायचे शौकीला. आणि तू मात्र माझे काटे काढलेस. माफ कर मला."

आता करायचं इतकंच होतं. वाकायचं, कपाळाचं चुंबन घ्यायचं आणि म्हणायचं, केलं माफ. पलीकडे हाज्जा ऐकत होती. हिरा जन्मभर हिरा राहिला असता.

"तिसऱ्या महिन्यापासून?" बुसैना म्हणाली.

"हो, ताई."

"तीन महिने मी उगाच वर? बादल्या भरभरून पाणी चढवत? मांजरांना पानं चारत?"

"माफ कर..."

"आणि खारट? माझी पानं खारट?" बुसैना उभी राहिली. तिचा आवाज गल्लीपर्यंत गेला. रंगाऱ्यानं ढवळायचं थांबवलं. "ऊठ! ऊठ, नाटकी बये! माझ्या घरात, माझ्या पलंगाच्या जागेवर पडून माझी माफी मागतेस? ती झालर काढ माझ्या खिडकीची, नाहीतर मी ती तुझ्या गळ्यात बांधीन! देवानं दोन कोरी करकरीत फुफ्फुसं परत दिली तुला, आणि तू काय केलंस त्यांचं? छातीवर हात ठेवून पेरूचा रस प्यायलीस! घोड्यासारखी आहेस तू! मला पुरून उरशील!"

शाहीनाझ कोपरावर उठली होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता.

"ताई," ती म्हणाली, "तू मला खरंच शिव्या देतेयस?"

"आणखी देईन! तुझ्या आईपासून सुरू करीन!"

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"तू? तू मरशील? तुला मेलेलं बघायला नशीब लागतं!"

शाहीनाझनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. मग रडता रडता हसायला लागली. दारात हाज्जा उभी होती, जपमाळ बोटात तशीच.

"साफ आहेत," हाज्जा म्हणाली, एखादा अहवाल वाचावा तशी. "मरणाऱ्या बाईशी हीसुद्धा असं बोलली नसती."

"तीन दिवस हेच सांगतेय मी, हाज्जा."

"सांगत होतीस. पण बोलत नव्हतीस." हाज्जानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तीन दिवसांपूर्वी कपाळाचं चुंबन घेतलेली ती हीच का, हे ती तपासत असावी. "देवाची कृपा. पोरगी वाचली. तुझ्याबद्दल मात्र माझा उगाच गैरसमज झाला म्हणायचा."

रंगाऱ्यानं बादलीचं झाकण लावलं.

शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपल्यावर, सामान हललं. कुवेतहून शोक करायला आलेला शौकी नवस फेडायला आल्यासारखा गाद्या वाहत होता. शाहीनाझ पाची मजले चढली, हबीबाला हाताशी धरून, वाटेत तीन ठिकाणी थांबून, आणि तिन्ही ठिकाणी भाडेकरणींना आपल्या फुफ्फुसांबद्दल सांगून. बुसैना खालून कान देऊन ऐकत होती. बाईचा आवाज पाचव्या मजल्यावरही तसाच खणखणीत होता. जावा पुन्हा एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यामुळे घरात सगळं सुरळीत झालं होतं.

संध्याकाळी बुसैना आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या ओट्यापाशी, पानं गुंडाळायला बसली. बारीक, करंगळीएवढी. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत, कठड्याला धरून. हाज्जा. गुडघ्यांमुळे हाज्जा दोन वर्षांत पहिल्या मजल्याच्या वर गेली नव्हती, आणि ही पावलं वर चालली होती.

बुसैना हात न पुसताच जिन्यात आली. "हाज्जा! कुठे निघालात?"

"वर." हाज्जा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभी राहून दम घेत होती. "पोरीला तिथे एकटं वाटतं. मला काय माहीत? चौदा वर्षं बोलली नाही कधी."

"आणि तुमचे गुडघे?"

"डॉक्टरनं जिने चढायला सांगितलेत ना?"

"तिला सांगितलेत!"

"मग मी तिच्याकडेच चाललेय." हाज्जानं पुढच्या पायरीवर पाय ठेवला. "तू कर तुझं काम. तुझ्याकडे खिडकी आहे."

बुसैना जिन्याखाली उभी राहिली. पावलं तिसऱ्या मजल्यावर गेली, चौथ्यावर गेली. वरचं दार उघडलं, शाहीनाझ आनंदानं किंचाळली, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग दोघींचं हसणं. कशावर हसल्या ते काही केल्या ऐकू येईना.

खिडकीशी कुणीतरी टकटक केली. "वाएलच्या आई! उघडलीस वाटतं परत? एक किलो पानं दे गं!"

"उद्या ये," बुसैना म्हणाली. तिनं भाताचं पातेलं झाकलं, न गुंडाळलेल्या पानांवर ओलं फडकं टाकलं, खिडकीची दारं ओढून घेतली आणि जिना चढायला लागली.